सट्टा, घरचा पैसा आणि आयपीएलचा हंगाम: नुकसान आटोक्यात कसे ठेवावे

मराठवाड्यातील शेतकरी घरात आयपीएल अगदी नेमक्या अडचणीच्या वेळी येते. मार्चअखेर स्पर्धा सुरू होते तेव्हा तूर-हरभऱ्याची पट्टी मोंढ्यातून नुकतीच हाती आलेली असते आणि लगीनसराई तोंडावर असते. अंतिम सामना होईपर्यंत बियाणे-खताच्या दुकानांपुढे गर्दी सुरू झालेली असते. त्या दोन महिन्यांत घरात रोकड दिसते खरी, पण तिच्यातला जवळजवळ प्रत्येक रुपया कोणाच्या ना कोणाच्या नावे राखलेला असतो. म्हणून सट्ट्यातील जबाबदारीचा विचार ‘किती लावावे’ येथून न करता ‘हा पैसा नेमका कोणाचा’ येथून करावा, असे माझे मत आहे.

आधी कायदा समजून घ्यावा

महाराष्ट्रात क्रिकेटच्या सामन्यावर पैसे लावणे कायदेशीर नाही, मग बुकी टपरीवरचा असो की मोबाइलमधला. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा राज्यात आजही लागू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे. निव्वळ खेळणाऱ्याला मात्र त्या कायद्यात शिक्षा नाही. खेळांवरील सट्ट्यापैकी परवानगीची उरते ती घोड्यांची शर्यत, आणि ती पाहायला मुंबईचे महालक्ष्मी किंवा पुण्याचे रेसकोर्स गाठावे लागते. तेव्हा पहिला सल्ला न खेळण्याचाच आहे. परंतु जो आधीच खेळतो आहे त्याचे एवढ्याने भागत नाही, म्हणून पुढचे लिहितो.

व्हॉट्सॲपवर एजंटाकडून ‘आयडी’, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचे खाते, मिळतो, पाचशे रुपये पाठविले की तेवढे पॉइंट जमा होतात आणि सगळे एखाद्या दुकानासारखे नेटके वाटते. पण ते पैसे ज्या खात्यात जातात ते खाते कोणा तिऱ्हाइताचे असते आणि जिंकल्यावर पैसे येतात तेही बहुधा अशाच दुसऱ्या खात्यातून. त्या खात्याविरुद्ध कोठे सायबर फसवणुकीची तक्रार झालेली असेल, तर तपासात आपलेही खाते गोठविले जाऊ शकते आणि त्याच खात्यात येणारा पीएम-किसानचा हप्ता किंवा पीकविम्याची रक्कम हाताशी असून काढता येत नाही. कमिशनच्या आशेने आपले खाते किंवा सिमकार्ड अशा एजंटाला वापरायला देणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे, कारण तेथे आपण खेळणारे राहत नाही, व्यवहारातले भागीदार ठरतो.

भावाचे गणित स्वतः मांडून पाहावे

दोन्ही संघ तुल्यबळ असतील तर बुकी साधारणपणे दोन्हीकडे ९० पैसे भाव देतो, असे धरू. म्हणजे शंभर रुपये लावून जिंकलात तर ते शंभर परत येऊन वर ९० मिळतात आणि हरलात तर शंभर जातात. आयपीएल २०२५ मध्ये ७४ सामने होते. प्रत्येकावर शंभर रुपये लावून निम्मे अंदाज बरोबर आले, तर ३,३३० रुपये येतात आणि ३,७०० जातात. तोटा ३७० रुपये. नुसते बरोबरीत राहायलासुद्धा शंभरपैकी जवळपास ५३ अंदाज अचूक यावे लागतात, आणि तेही सबंध हंगामभर. जो फरक पडतो तीच बुकीची कमाई, म्हणून कोण जिंकले याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते.

खरा खड्डा सेशनमध्ये, म्हणजे सामन्याच्या छोट्या छोट्या टप्प्यांवर लावण्यात, आहे. पुढच्या सहा षटकांत किती धावा होतील, पुढची विकेट कधी पडेल, यावर एका सामन्यात दहा वेळा लावणाऱ्याचे हंगामात ७४० डाव होतात आणि त्याच हिशेबाने तोटा ३,७०० रुपयांवर जातो. क्रिकेटचे ज्ञान येथे उपयोगी पडेल, असे प्रत्येकाला वाटते. खेळपट्टी, दव, नाणेफेक हे सगळे भाव ठरविणाऱ्यालाही ठाऊक असते आणि भावात ते आधीच धरलेले असते, ही गोष्ट मात्र टपरीवरच्या चर्चेत कोणी बोलत नाही.

वही घालावी, आणि ती बँकेच्या नोंदीवरून घालावी

परभणीकडच्या माझ्या नात्यातील एका मुलाचे म्हणणे होते की एकंदरीत तो बरोबरीत आहे. एका संध्याकाळी आम्ही दोघांनी त्याच्या खात्याचा तीन महिन्यांचा उतारा समोर ठेवला आणि शंभर पानी वहीच्या एका पानावर डावीकडे गेलेले, उजवीकडे आलेले पैसे लिहीत गेलो. डावीकडे ४१ नोंदी झाल्या, उजवीकडे सहा. गेले ३८,५०० आणि आले ११,२००. म्हणजे चार एकर सोयाबीनचे बियाणे, खत आणि फवारणी एवढी रक्कम गेली होती, आणि त्याला आठवत होत्या त्या फक्त त्या सहा नोंदी. तो खोटे बोलत नव्हता; जिंकलेले लक्षात राहते आणि हरलेले सुटत जाते. म्हणून ही वही आठवणीवरून घालू नये आणि शक्य असेल तर घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने लिहून घ्यावी.

वही घातल्यानंतर पैशाला कुंपण घालावे. शेतीचे, शाळा-कॉलेजच्या फीचे आणि लग्नाचे पैसे यूपीआय न जोडलेल्या वेगळ्या खात्यात ठेवावेत. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये दिवसाची यूपीआय मर्यादा कमी करता येते. ती हजाराच्या आत आणावी. उधारीवर, हातउसने घेऊन किंवा सोने गहाण ठेवून एक रुपयाही लावू नये. दारू प्यायल्यावर आणि आदल्या दिवशी हरल्यावर मोबाइल हाती घेऊ नये.

हरलेले भरून काढायला जाऊ नये

घरे बुडतात ती बहुतेक या एका सवयीने. पाचशे हरले की हजार, मग दोन हजार, मग चार, अशी रक्कम दुप्पट करत गेल्यास सहा डाव ओळीने हरल्यावर ३१,५०० रुपये गेलेले असतात आणि सातवा डाव ३२,००० चा असतो, तोही केवळ गेलेले भरून काढण्याच्या आशेने. बरोबरीच्या डावात ओळीने सहा वेळा हरण्याची शक्यता चौसष्टात एक असते. सेशनवर रोज दहा डाव खेळणाऱ्यावर ती पाळी हंगामात जवळजवळ नक्कीच येते.

घरच्यांपासून रक्कम लपविणे, लावण्याची रक्कम वाढल्याशिवाय मजा न वाटणे, सोडायचे ठरवून पुन्हा पुन्हा तेथेच येणे, न खेळल्यास चिडचिड होणे, ही लक्षणे दिसू लागली तर तो प्रश्न शिस्तीचा राहिलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या व्यसनाची नोंद आहे आणि त्यावर उपचार होतात. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते. संभाजीनगरचे घाटी हे शासकीय रुग्णालय, तसेच लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. बाप रागावून मोबाइल फोडतो त्याने काही साधत नाही. बापाने मुलासोबत ओपीडीत जाऊन बसावे.

देणे झाले असेल तर

कोणाचे किती देणे आहे, हे एका कागदावर लिहून घरात सर्वांसमोर ठेवावे. ही पायरी सगळ्यांत जड जाते, पण ती चुकवून पुढचे काही होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असतो, त्यामुळे बुकीला आपल्या वसुलीसाठी न्यायालयात दावा लावता येत नाही. तो दमदाटी करू लागला तर ११२ वर फोन करावा. सट्ट्यासाठी विनापरवाना सावकाराकडून कर्ज घेतले असेल आणि त्याने शेत लिहून घेतले असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात अर्ज करता येतो आणि चौकशीत अवैध सावकारी सिद्ध झाल्यास जमीन परत देण्याचा आदेश ते काढू शकतात. अर्जासोबत खरेदीखताची किंवा इसारपावतीची प्रत, सातबारा, पैसे दिल्या-घेतल्याच्या फोनमधील नोंदी आणि साक्षीदारांची नावे जोडावीत, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.