पोलिसाने लाच मागितली, तर सापळा कसा लावावा

जप्त गाडी सोडवायची असो की पासपोर्टची पडताळणी, मुंबईत पोलिसाने पैसे मागितले की ‘वरिष्ठांकडे अर्ज द्या’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. अर्ज बहुधा फिरून त्याच पोलीस ठाण्यात येतो आणि समोरचा सावध होतो. सरळ लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा किंवा वरळीचं कार्यालय गाठा. पैसे आधीच द्यावे लागले असतील, तर ७ दिवसांच्या आत जा. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो; बळजबरी झाली आणि मुदतीत कळवलं, तरच सुटका.

खरी कसोटी मागणीच्या पडताळणीत असते. रेकॉर्डर आणि पंच सोबत देऊन तुम्हाला परत त्याच माणसाकडे पाठवतात. नुसत्या नोटा सापडून भागत नाही. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आणि लोक नेमके इथेच घाई करतात. ‘साहेब, पाच हजार आणू ना?’ झालं, आकडा तुमच्या तोंडून गेला. तो नुसती मान हलवतो आणि हललेली मान रेकॉर्डरवर येत नाही. कामापासून सुरुवात करा: ‘साहेब, माझ्या गाडीचं काय झालं?’ मग गप्प राहा. कितीही अवघडल्यासारखं झालं तरी त्यालाच बोलू द्या. बोटं दाखवली तर ‘म्हणजे किती, साहेब?’ असं विचारा. ‘थोडं कमी करा’ म्हणायला हरकत नाही, घासाघिशीत तो स्वतः आकडा उच्चारतो. तुम्ही मात्र एकही आकडा सुचवायचा नाही.

सापळ्याच्या दिवशी नोटांना अँथ्रासीन पावडर लावून त्या तुमच्या खिशात ठेवतात. अतिनील दिव्याखाली ती चमकते. मागितल्याशिवाय नोटांना हात लावू नका, हस्तांदोलनही टाळा. ‘त्या पोऱ्याकडे दे’ म्हणाला, तर पंचाला ऐकू जाईल असं विचारा: ‘साहेब, गाडी सोडायचे पैसे यांच्याकडे देऊ का?’ ‘गाडी सोडायचे’ हे शब्द गाळू नका, कारण कोर्टात ‘उसने दिलेले परत घेतले’ हा बचाव ठरलेला असतो. पैसे दिले की ठरलेली खूण करून बाजूला व्हा.

एफआयआरची प्रत मागून घ्या. अडकलेल्या कामाचा पाठपुरावाही विभागाला लेखी सांगा. घडलेलं सगळं त्याच रात्री वहीत उतरवा. उलटतपासणी व्हायला वर्षं लागू शकतात.