३.३ व्होल्टच्या ईएसपी३२ वरून रंगीत एलईडी पट्टी कशी चालवावी

डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (जिच्यातला प्रत्येक एलईडी एकाच डेटा तारेवरून वेगळा रंगवता येतो), ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि ५ व्होल्टचा दमदार सप्लाय हाताशी आहे असं धरतो. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत करंट खेचतो, म्हणजे ६० एलईडींना ३.६ अँपिअर. एवढा करंट बोर्डातून घेऊ नका. सप्लाय थेट पट्टीला जोडा, बोर्डाचा ग्राउंड त्याच ग्राउंडला. पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अधिक-उणे बघून.

आता डेटाची तार. इथे मी बराच काळ अडलो होतो, आणि ‘थेट जोडा, चालतं’ हा सल्ला ऐकला की आजही डोकं फिरतं. चालतं, पण कधी? पट्टीच्या डेटाशीटनुसार (उत्पादकाचा माहितीपत्रक) डेटाच्या तारेवरचा सिग्नल ‘एक’ धरला जायला पुरवठ्याच्या ०.७ पट व्होल्टेज लागतं. ५ व्होल्टवर ते होतं ३.५, ईएसपी३२ देतो जेमतेम ३.३. टेबलावर बारीक यूएसबी केबलमुळे पट्टीला ४.६ व्होल्टच पोचत असतील, तर मर्यादा ३.२२ वर उतरते आणि सगळं छान दिसतं. मग तीच पट्टी चांगल्या सप्लायवर गणपतीच्या मखरात चढवली की रंग भलतेच उमटतात, पट्टी लुकलुकते, आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. कोडला हात लावू नका.

७४एएचसीटी१२५ ही चिप आणा, ती ३.३ व्होल्टचा सिग्नल ५ व्होल्टचा करून पट्टीला देते. नावात ‘टी’ हवाच: टीवाल्या चिपला २ व्होल्ट पुरतात, साध्या ७४एचसी१२५ ला पुन्हा ३.५ च्या आसपास लागतात. १४ व्या पायाला ५ व्होल्ट, ७ व्याला ग्राउंड. १ नंबरचा पायही ग्राउंडला. तो विसरलात तर आउटपुटचा भरवसा नाही. २ वर बोर्डाचा डेटा, ३ वरून ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून पट्टीकडे. ४, ५, ९, १०, १२, १३ हे बिनकामाचे पायसुद्धा ग्राउंड करा, लोंबकळत ठेवू नका.

दुकानदार ‘लेव्हल शिफ्टर’ (सिग्नलचं व्होल्टेज बदलणारा) म्हणून बीएसएस१३८ ट्रान्झिस्टरचं छोटं मॉड्यूल हातात ठेवेल. ते आयटूसीसाठी (सेन्सर वगैरे जोडायची संथ दोन-तारी पद्धत) ठीक, इथे नको. त्यात सिग्नल १० किलोओहमच्या रेझिस्टरने वर ओढला जातो, आणि आपल्या ‘शून्या’ची पल्स असते अवघी ०.४ मायक्रोसेकंद. तेवढ्यात तो नीट वर चढत नाही.

कोडमध्ये रंगांचा क्रम जीआरबी (हिरवा, लाल, निळा) ठेवा आणि पहिल्यांदा ब्राइटनेस कमी ठेवूनच चालू करा.