ट्रॉलीवरचं सामान पुढच्या आजोबांकडे नेण्याआधी

नवीन मुलगी ड्यूटीवर आली की मी तिच्या हातात आधी ग्लुकोमीटर देते. बीपीचा कफ, ऑक्सिमीटर नुसते कातडीला लागतात. ग्लुकोमीटरचा संबंध थेट रक्ताशी. पट्टी सरकवतो त्या फटीच्या कडेला वाळलेला तपकिरी ठिपका दिसतोय का, हे मीटर उजेडात धरून बघायचं. न दिसला तरी पुसायचंच. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरतो. बोटाला टोचायचं पेन मात्र पुसूनही दुसऱ्याला वापरायचं नाही, सुई बदलली तरी नाही. एकदा वापरून फेकायची लॅन्सेट, म्हणजे टोचायची छोटी सुई घ्या.

वाइपने, म्हणजे जंतुनाशकात भिजवलेल्या ओल्या रुमालाने, पुसायचं दोनदा. पहिल्यांदा मळ काढायला, कारण घाम-रक्ताच्या थराखाली औषध पोचत नाही. दुसऱ्यांदा नवं वाइप घेऊन जंतू मारायला, आणि इथेच सगळ्या घाई करतात. वाइपच्या डब्यावर वेळ छापलेली असते, कुठे १ मिनिट, कुठे १०. तेवढा वेळ वस्तू ओली दिसली पाहिजे. आधीच वाळली तर परत पुसा. फुंकर मारून वाळवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. तसं करायचं तर न पुसलेलं काय वाईट? १० मिनिटं कोणी थांबत नाही, म्हणून खरेदी करतानाच कमी वेळाचं वाइप मागवा. पण ते त्या यंत्राला चालतं का, हे यंत्राच्या पुस्तिकेत बघून. मीटरवर थेट फवारा नको, फटीत पाणी गेलं की आकडे चुकतात.

कापडी कफ नीट पुसला जात नाही. पुसता येईल असाच घ्या, वेल्क्रोतले धागे आधी काढा. नेब्युलायझरचा मास्क ज्याचा त्याचा.

सी. डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे जुलाब असतील तर स्पिरीट कुचकामी, त्या जंतूचे बीजाणू त्याने मरत नाहीत. तिथे हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. ५ टक्क्यांचं असेल तर १ भाग हायपो, ९ भाग पाणी; रोज ताजं करायचं. धातूला गंज चढतो, म्हणून वेळ भरल्यावर साध्या पाण्याने पुसून घ्या. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये हायपो कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन निघतो. हात साबणपाण्यानेच धुवा. बीपीचं मशीन त्या खोलीतच राहू द्या.

पुसलेलं सामान ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात, न पुसलेलं खाली. ऑक्सिमीटर ॲप्रनच्या खिशात टाकायचा नाही. खिशात पेन आणि मोबाईलही असतो.