दिवाडीला जाताय? गाडी जुने गोव्यातच ठेवा
सुट्टीच्या दिवशी जुने गोव्याच्या फेरी धक्क्यावर चारचाक्यांची रांग लागते आणि दिवाडी बेट बघायचा निम्मा वेळ तिथेच जातो. त्यापेक्षा गाडी चर्चजवळच्या पार्किंगमध्ये लावा आणि व्हाइसरॉयच्या कमानीखालून चालत धक्क्यावर या. पायी माणसाला फेरीबोटीत तिकीट नाही, रांगही नाही. सायकल असेल तर सोन्याहून पिवळं! पलीकडचा रस्ता खाजनातून, म्हणजे बांध घातलेल्या सखल शेतजमिनीतून, सपाट जातो, चढ लागतो तो पिएदादच्या चर्चचा. तो चढाच, वरून मांडवीचं पात्र काय सुंदर दिसतं! दम असेल तर बेटाच्या दुसऱ्या बाजूने फेरीने नार्व्याला उतरा. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ तिथेच आहे. मात्र परतीची शेवटची फेरी किती वाजता, हे जातानाच बोटीवरच्या माणसाला विचारून ठेवा.