एक्स्ट्राडिशन हा शब्द नक्की कुठं वापरायचा

परवा क्लासला बातम्यांचं इंग्रजी करायला दिलेलं, तर एका पोरानं लिहून आणलं की कोगनोळी नाक्यापलीकडं पळालेल्या चोराचं कोल्हापूर पोलिसांनी एक्स्ट्राडिशन केलं. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, आणि अर्थाचा पार चुथडा. निपाणीत धरलेला माणूस इकडं आणायचा तर तिथल्या कोर्टातनं ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला दुसरीकडं न्यायची परवानगी, घ्यायचा आणि गाडीत घालायचा, कर्नाटक काय परदेश आहे होय.

तेव्हा हा शब्द लिहिण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. एक, मामला दोन देशांतला आहे का, आणि दोन, एका देशानं दुसऱ्याकडं आमचा आरोपी आम्हाला द्या अशी रीतसर मागणी केलीय का. दोन्हीला हो आलं तरच आपल्याकडं एक्स्ट्राडिशन म्हणायचं. मराठी पेपरात प्रत्यार्पण छापतात, संधी सोडवली तर प्रति अधिक अर्पण म्हणजे प्रत्यर्पण व्हायला पाहिजे पण आता ते रुळलंय, मी काय मार्क कापत नाही.

गंमत म्हणजे त्या पोराचं वाक्य इंग्रजांच्या काळात बरंचसं खपलं असतं! कोल्हापूर तेव्हा संस्थान, बेळगाव ब्रिटिश मुलूख, आणि १९०३ च्या एक्स्ट्राडिशन कायद्यात संस्थानं आणि ब्रिटिश मुलूख यांच्यातल्या आरोपींच्या देवाणघेवाणीची वेगळी सोय होती. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि आता चालतो तो १९६२ चा कायदा, तो परदेशांसाठी.

उच्चार करताना एक्स्ट्रावर जोर देऊ नका, जोर डि वर येतो. यात जादावालं एक्स्ट्रा नाहीच मुळात, लॅटिनमधलं एक्स म्हणजे बाहेर आणि ट्रेडिशिओ म्हणजे हवाली करणं. ट्रेडिशन पण त्याच मुळातला, एका पिढीनं दुसरीच्या हवाली केलेलं. क्रियापद एक्स्ट्राडाइट, तिथं मात्र जोर सुरुवातीला.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा, कर्ता कोण. अबू सालेम २००५ ला पोर्तुगालहून भारतात आला. पोरं लिहितात, इंडिया एक्स्ट्राडाइटेड अबू सालेम. उलटं झालं की. लेक कुणी दिली आणि सून कुणी आणली हे आपण कधी चुकवतो का? तसंच हे. माणूस ज्याच्या ताब्यात आहे तो देश एक्स्ट्राडाइट करतो, म्हणून पोर्तुगाल एक्स्ट्राडाइटेड हिम टु इंडिया. भारताच्या बाजूनं लिहायचं तर इंडिया सिक्युअर्ड हिज एक्स्ट्राडिशन, आणि अजून नुसतं मागणंच चालू असेल तर इंडिया सॉट हिज एक्स्ट्राडिशन. आणि देणारा अटी पण घालतो बरं का, सालेमला फाशी द्यायची नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा शब्द भारताकडनं घेतल्यावरच पोर्तुगालनं त्याला सोडला.

कर्ता सांगायचा नसेल तर पॅसिव्ह वापरा, बातम्यांत तेच जास्त दिसतं. तहव्वूर राणा वॉज एक्स्ट्राडाइटेड फ्रॉम द यूएस टु इंडिया इन एप्रिल २०२५. फ्रॉम नंतर जिथनं सुटला तो देश, टु नंतर जिथं नेला तो. आणि आरोपी नको म्हणून कोर्टात भांडत बसला तर ही इज फायटिंग एक्स्ट्राडिशन, इथं फायटिंगला अगेन्स्ट जोडायची गरज नाही. मल्ल्याच्या बातम्या काढून वाचा, लंडनच्या कोर्टानं डिसेंबर २०१८ ला हो म्हटलं, फेब्रुवारी २०१९ ला तिथल्या गृहमंत्र्यांनी सही केली, तरी २०२० पर्यंत अपिलं चाललीच. वाक्यरचना शिकायला त्यासारखं प्रकरण नाही.

डिपोर्टेशन वेगळं. तिथं परदेशी माणसाला आपल्या देशात ठेवायचं नाही म्हणून तो देश आपणहून बाहेर काढतो, व्हिसा संपला, खोटा पासपोर्ट सापडला वगैरे. छोटा राजनला २०१५ ला इंडोनेशियानं पाठवला तो डिपोर्ट करून, त्यामुळं तिथं एक्स्ट्राडाइटेड लिहिलं की चूक. आपल्याकडं गणपतीच्या आधी तडीपारीच्या नोटिसा निघतात ते तर तिसरंच, त्याला एक्स्टर्नमेंट म्हणतात, जिल्ह्याबाहेर जा एवढंच, कुणाच्या हवाली करणं नाही.

अजून एक, हा शब्द फक्त माणसाला, तोही आरोपी किंवा दोषी. एकीनं वाघनखांचं एक्स्ट्राडिशन लिहिलेलं, २०२४ ला लंडनहून साताऱ्याला आली ती. बाई, वाघनखांनी काय गुन्हा केलाय? वस्तू कायमची मायदेशी आली तर रिपॅट्रिएशन म्हणायचं, आणि ही तर तीन वर्षांच्या बोलीवर आलेली, तिथं ऑन लोन एवढंच लिहायचं.