दातांच्या पेशंटची प्रश्नावली घेताय? फक्त अल्फा काढून थांबू नका

थीसिससाठी ओहिप-१४ (दातातोंडाच्या त्रासाचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो हे मोजणारी प्रश्नावली) मराठीत करून घेतली, ओपीडीत बसून पेशंटकडून भरून घेतली, क्रॉनबॅकचा अल्फा (प्रश्नावली किती भरवशाची त्याचा एक आकडा) ०.९ आला, म्हणजे झालं काम, असं वाटणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ओहिप-१४ ही स्लेडने १९९७ मध्ये ४९ प्रश्नांच्या मोठ्या प्रश्नावलीतून काढलेली छोटी आवृत्ती. ७ गट, प्रत्येकात २ प्रश्न, उत्तरं ० ते ४, एकूण ० ते ५६, आकडा मोठा म्हणजे त्रास जास्त.

आता अल्फा काय सांगतो, तर एकाच बैठकीत भरलेले प्रश्न एकमेकांशी जुळतात का, बस्स. तोच माणूस परत आला तर तेच उत्तर देईल का हे त्यात कुठेच नाही. आणि प्रश्न वाढवले की अल्फा आपोआप वाढतो, म्हणून ०.७ च्या वर ठीक, पण ०.९५ च्या वर गेला तर खूश होऊ नका, बहुतेक एकच गोष्ट शब्द फिरवून परत परत विचारली गेलीय. उलट गटवार अल्फा कमी आला तर घाबरू नका, २ प्रश्नांत किती येणार!

खरी मेहनत रिटेस्टची, म्हणजे त्याच पेशंटकडून तोच फॉर्म काही दिवसांनी परत भरून घ्यायची. किमान ५० जण धरा, मध्ये १०-१४ दिवस ठेवा, आणि पेशंट असा निवडा ज्याच्या तोंडात त्या काळात काही बदलणार नाही. दाढ सुजून आलेल्याची आज रूट कॅनाल झाली आणि पुढच्या खेपेला स्कोअर पडला तर तो फॉर्मचा दोष नाही, त्याला बरं वाटतंय. कवळीसाठी ज्यांना पुढची तारीख मिळालीय ते चांगले (पण अभ्यासासाठी कुणाची ट्रीटमेंट लांबवू नका हां). दुसऱ्या वेळी आधी एकच विचारा, मागच्या वेळेपेक्षा तोंडात काही फरक पडलाय का, आणि हो म्हणाला तर त्याला या हिशोबातून बाजूला काढा. गणेश चवथीच्या आधी एक फॉर्म आणि नंतर एक असं तर अजिबात नको, नेवऱ्या (करंज्या) आणि लाडू खाऊन झाल्यावर चावायच्या प्रश्नाचं उत्तर वेगळंच येणार, आणि त्या दिवसांत फोन तरी कोण उचलतो.

गोव्यात खरा घोळ भाषेचा होतो. सत्तरी-डिचोलीचा माणूस मराठी वाचतो पण बोलतो कोंकणी, सासष्टीचा कदाचित रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी वाचेल, देवनागरी नाही. मग इंटर्न मराठी फॉर्म हातात धरून तोंडी विचारतो, 'खावपाक त्रास जाता?' आणि 'दात, तोंड किंवा कवळीमुळे' हा भाग गाळून टाकतो, त्यामुळे अ‍ॅसिडिटीवालासुद्धा हो म्हणतो. दुसऱ्या दिवशी दुसरा इंटर्न वेगळ्या शब्दांत विचारणार. म्हणून मराठी फॉर्मचा आकडा फक्त स्वतः वाचून भरणाऱ्यांचाच काढा, कोंकणीसाठी वेगळं भाषांतर, वेगळी तपासणी, आणि दोन्ही वेळा पद्धत एकच ठेवा, पहिल्यांदा कागदावर नि दुसऱ्यांदा फोनवर असं नको.

मग हिशोब. नुसतं पिअर्सन कोरिलेशन (दोन्ही वेळचे आकडे सोबत वर-खाली होतात का, एवढंच सांगणारं) देऊ नका, सगळ्यांनी दुसऱ्या वेळी ५ गुण जास्त दिले तरी ते १ च दाखवतं. आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन, दोन्ही वेळचे आकडे खरंच सारखे आले का हे बघणारं माप) काढा, आणि एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट कन्सिस्टन्सी असतं ते बदलून अ‍ॅब्सोल्यूट अ‍ॅग्रीमेंट करा, हे खूप जण विसरतात. ०.७५ ते ०.९ चांगला धरतात, पण सोबत कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ती रेंज) द्याच. आयसीसी फारच कमी आला तर स्कोअर बघा, अर्ध्या लोकांनी ० दिला असेल तर पेशंटपेशंटमध्ये फरकच उरत नाही आणि आकडा त्यामुळेही पडतो.

शेवटी मापनाची चूक काढा. समजा स्कोअरचा एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) ८ आणि आयसीसी ०.८४, तर ८ गुणिले ०.१६ चं वर्गमूळ म्हणजे ३.२. त्याला २.७७ ने गुणलं की ८.९ च्या आसपास, एका माणसाचा स्कोअर याहून जास्त बदलला तरच तो मापनाच्या चुकीपलीकडचा बदल धरायचा. म्हणजे कवळी बसवल्यावर एखाद्या आजीचा स्कोअर ५ ने उतरला तर तेवढ्यावरून तिला फरक पडला असं छातीठोक म्हणता येत नाही, गटाच्या सरासरीचं गणित वेगळं. व्हायव्हात हाच प्रश्न येतो, तेव्हा हा आकडा रिझल्टच्या टेबलात आधीच टाकून ठेवा.