रियेका ते दुब्रोव्निक: एड्रियाटिक किनाऱ्याची सायकलसफर कशी आखावी

क्रोएशियाच्या नकाशावर रियेका ते दुब्रोव्निक हे किनाऱ्याने सुमारे ६०० किलोमीटर अंतर सोपे वाटते आणि रोज ८० किलोमीटर धरून आठवड्याभराचा बेत सहज आखला जातो. तसे करू नये. या किनाऱ्यावरचा दिवस अंतरावर कमी आणि वाऱ्यावर व फेरीबोटींच्या वेळांवर अधिक ठरतो. म्हणून रोजचे सरासरी ५० किलोमीटर धरावेत, दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत आणि एकूण १५ दिवसांची सवड काढावी.

पहिला निर्णय दिशेचा. उत्तरेकडून दक्षिणेकडेच जावे. क्रोएशियात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे या दिशेने जाताना आपण सतत समुद्राच्या बाजूला राहतो. शिवाय उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून वाहणारा ‘माएस्त्राल’ हा खारा वारा पाठीवर मिळतो. डावीकडून चालण्याची आपली सवय मात्र सहजासहजी सुटत नाही. सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना आणि चौकातल्या वर्तुळात शिरताना चूक होते. वर्तुळात शिरण्यापूर्वी डावीकडे पाहावे. मे अखेर, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते, राहण्याच्या जागा भरलेल्या असतात आणि ‘यादरान्स्का मागिस्त्राला’ या किनारी महामार्गावर मोटारींची रीघ लागते.

वाऱ्याबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण येथे खरा धोका त्याचाच आहे. ‘बुरा’ हा थंड, झोतांनी येणारा ईशान्य वारा वेलेबित पर्वत ओलांडून खाली समुद्रावर कोसळतो आणि सेन्य गाव व पाग बेटाच्या परिसरात त्याचा जोर सर्वाधिक असतो. दक्षिणेकडे जाणाऱ्या सायकलस्वाराला तो डावीकडून लागतो व रस्त्याच्या समुद्राकडील कडेला ढकलतो. आकाश निरभ्र असतानाही तो सुटतो. वेलेबितच्या माथ्यावर ढगांची टोपी बसली की सावध व्हावे. जोराच्या बुऱ्यात रस्ते काही वाहनांसाठी बंद होतात व फेरीबोटीही थांबतात. हवामान खात्याचा अंदाज रोज संध्याकाळी पाहावा आणि बुऱ्याचा इशारा असल्यास मुक्काम वाढवावा. ‘युगो’ हा आग्नेयेचा दमट वारा तेवढा अचानक येत नाही, पण तो समोरून लागत असल्याने त्या दिवशी पल्ला कमीच ठेवावा.

आता मार्ग. सबंध अंतर महामार्गाने कापण्यापेक्षा बेटांवरून पुढे सरकावे, असे माझे ठाम मत आहे. रियेकाहून पुलाने क्रक बेटावर जावे, तेथील वाल्बिस्का धक्क्यावरून फेरीने राब बेटावरील लोपारला उतरावे आणि राबच्या दक्षिण टोकाच्या मिश्न्याकहून मुख्य भूमीवरील स्तिनित्साला यावे. थोडे दक्षिणेला प्रिझ्ना येथून फेरी पाग बेटावर नेते. तेथून पुलाने बाहेर पडून झादार गाठता येते. झादार, शिबेनिक, त्रोगिर हा टप्पा मुख्य भूमीवरच होतो. त्रोगिर ते स्प्लिट मोटारींची गर्दी असल्याने महामार्ग सोडून काश्तेलाच्या गावांमधला जुना रस्ता धरावा. स्प्लिटहून फेरीने ह्वार बेटावरील स्तारी ग्रादला जावे. तेथील मैदानातील शेतांची आखणी प्राचीन ग्रीक वसाहतीच्या काळातील असून २००८ साली ते जागतिक वारसा यादीत आले. बेटाच्या लांबीने पूर्व टोकाच्या सुचुरायपर्यंत सायकल चालवावी, द्रवेनिकला उतरावे आणि प्लोचे गाठावे.

प्लोचेहून महामार्गाने सरळ पुढे जाऊ नये, कारण वाटेत नेउम येथे बोस्नियाचा तुकडा लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन या सामाईक व्हिसाच्या युरोपीय क्षेत्रात असल्याने भारतीय पारपत्रधारकास शेंगेन व्हिसा लागतो. बोस्निया या क्षेत्राबाहेर आहे; म्हणून व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर नेउममध्ये शिरताच संपतो. प्लोचे–त्रपान फेरीने पेल्येशात्स द्वीपकल्पावर उतरल्यास हा प्रश्न उरत नाही. पुढे द्राक्षमळ्यांमधून चढउतार करत स्तोनला पोहोचावे, तेथील मिठागरे व डोंगरावरची तटबंदी पाहावी आणि शेवटच्या टप्प्यात दुब्रोव्निक गाठावे.

फेऱ्यांचे वेळापत्रक ऋतूनुसार बदलते व काही मार्गांवर दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात. मोटारी नेणाऱ्या ‘त्रायेक्त’ बोटीवर सायकल चालते. कॅटामरान या वेगवान प्रवासी बोटींवर ती बहुधा घेत नाहीत, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. धक्का समुद्रपातळीवर आणि रस्ता वर असल्याने बोटीतून उतरताच खडी चढण लागते.

अशा चढणींसाठी सायकलला पुढे लहान आणि मागे मोठे दातेचक्र असावे. ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर, मजबूत कॅरियर, दोन पॅनियर (कॅरियरला अडकवायच्या पिशव्या), जादा ट्यूब, साखळीची जोडकडी, ब्रेकपॅड आणि पुढचे-मागचे दिवे एवढे पुरते. विमानासाठी पेडल काढताना डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, हे लक्षात ठेवावे. पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवावी. स्वयंपाकाचा गॅस विमानात नेता येत नाही.

सरावासाठी आपल्याकडे कोकणाचा सागरी मार्ग अगदी योग्य आहे. आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत, सामानासह चार दिवस सायकल चालवावी. खाडीला उतरणे आणि लगेच घाट चढणे, हाच क्रम तिकडेही असतो.

उघड्यावर तंबू ठोकण्यास क्रोएशियात बंदी आहे. मान्यताप्राप्त कॅम्पमध्ये किंवा ‘सोबे’ अशी पाटी असलेल्या घरगुती खोल्यांत राहावे. शाकाहारी मंडळींना ‘पेकारा’ म्हणजे बेकरीत चीज भरलेला ‘बुरेक’ हा भाजलेला पदार्थ, खानावळीत पालेभाजी-बटाट्याची ‘ब्लित्वा’ आणि पागचे मेंढीच्या दुधाचे चीज मिळते. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, पण वेलेबितच्या पायथ्याशी व पूर्व ह्वारमध्ये गावे विरळ असल्याने तीन लिटर पाणी बरोबर घ्यावे.

दुब्रोव्निकला रेल्वे नाही. म्हणून परतीचे विमान तेथूनच ठरवावे आणि पोहोचण्याच्या काही दिवस आधी तेथील सायकल दुकानाला कळवून पुठ्ठ्याचे खोके राखून ठेवावे.